लाखावर तीन

१

मी डाळ मिलमध्ये बायांची मुकादम आहे. उदगीरला, बावीस वर्षं झाली. डाळ निवडणाऱ्या चाळीस बाया माझ्या हाताखाली असतात अन् संध्याकाळी फाटकातून बाहेर पडताना प्रत्येकीची ओटी मी चाचपते. मूठभर तूरडाळ कुणी कमरेला खोचली तर मला तिच्या चालण्यावरून कळतं. लोक म्हणतात, शिवकांता लई संशयी बाई. असेन. संशयाचाच मला पगार मिळतो.

माझी मुलगी शिवानी औशाला दिलेली. दोनदा सातव्या महिन्यात तिचं पोट रिकामं झालं. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा मीच गाडी करून तिला घरी आणलं अन् महादेवाला बोलले, हिचे दिवस नीट भरू दे, अधिकात लाख वाती जाळते. यंदा अधिक ज्येष्ठ आला, शिवानीला सातवा लागला, अन् आम्ही कापूस घेऊन बसलो.

आमच्या घरात लाखवातीची एक रीत आहे. बायांनी मिळून वळायच्या. शंभराची जुडी बांधायची, लाल दोऱ्यानं. हजार जुड्या झाल्या की सगळ्याजणींनी सारख्या वाटून घ्यायच्या अन् देवळात आपापल्या नावानं जाळायच्या. बाया चार असोत, पाच असोत, दहा असोत, वाटणी सारखी पाहिजे. जिच्यासाठी नवस ती नवसवाली, तिनं हात लावायचा नाही. अन् एकही वात उरू द्यायची नाही. उरली तर ती नवसवालीची. सासूबाई म्हणायच्या, उरलेली वात नवसवालीच्या अंगावर जळते. पुढं काही विचारलं की भांडी घासायला बसवायच्या.

आम्ही चौघी होतो. मी, मिलमधल्या धोंडाबाई अन् शिल्पा, आणि शिवानीची सासू कस्तुराबाई. विहीणबाई औशाहून मुद्दाम येऊन राहिल्या होत्या. मिल सुटली की मधल्या खोलीत बसायचं, राखेत बोटं बुडवायची, मांडीवर कापूस चोळायचा. तळहाताखाली वात वळली की सर्र असा एक बारीक आवाज होतो. चौघींचा मिळून तो आवाज पत्र्यावर वारा सरकल्यासारखा वाटायचा. शिवानी दारात बसून आम्हाला हसायची.

"आई, तू बग बरं. महादेव म्हणंल, पोरगी एक अन् वाती लाख."

"तू गप बस अन् खजूर खा."

अठराव्या दिवशी हजार जुड्या पुऱ्या झाल्या. कोठीच्या खोलीत टोपल्यांत रचल्या. एकीला अडीचशे जुड्या, हिशोब चोख. शिल्पा सूप झाडायला गेली अन् म्हणाली, "ओ मावशी, ह्या तीन ऱ्हायल्या की."

सुपात तीन वाती होत्या.

२

जास्तीच्या वळल्या गेल्या असतील. मी त्या उचलल्या, देवापुढच्या दिव्यात घातल्या अन् जाळून टाकल्या. विषय संपला.

दुसऱ्या दिवशी सुपात तीन वाती होत्या.

आता मी डोकं चालवलं. आमच्याकडं मोंढ्याची, म्हणजे धान्यबाजाराची, एक सवय आहे. धान्य मोजताना पहिल्या मापाला कुणी एक म्हणत नाही. लाभ म्हणायचं, मग दोन, तीन, चार. पण नव्या पोरी काय करतात, लाभ म्हणतात अन् मग पुन्हा एकापासून सुरू करतात. म्हणजे त्यांच्या शंभरात एकशे एक. शिल्पाची ही खोड मला मिलमध्येही माहीत होती. जुडीत एक जास्त झाली की दोरा ढिला पडणार, वात निसटून सुपात पडणार. मी शिल्पाला असं झापलं की ती रडायला आली.

"मी न्हाई चुकले, मावशी."

"चुकणारी असंच म्हणती."

चौघींनी मिळून हजारच्या हजार जुड्या सोडल्या. लाभ म्हणायचं नाही, एकापासून मोजायचं, असा मी हुकूमच केला. दोन संध्याकाळी गेल्या. एकही जुडी चुकलेली नव्हती. सगळ्या बरोबर शंभराच्या. पुन्हा बांधल्या, पुन्हा रचल्या.

सुपात तीन होत्या.

त्या तीन मी पहिल्यांदा नीट हातात घेतल्या. आमच्या वातींपेक्षा आखूड, करंगळीच्या नखाएवढ्या जेमतेम. पीळ इतका घट्ट की नखानं उलगडेना. ओलसर होत्या, अन् कोमट. अन् पीळ उलटा होता. उजव्या हातानं वळलेली वात एका बाजूला फिरते, डावखोऱ्याची दुसऱ्या. मी तिघींना कापूस दिला अन् समोर बसवून वळायला लावलं. कुणीच डावखोरी नव्हती.

धोंडाबाई म्हणाली, "शिवकांता, आता आमचे हातबी तपासतीस व्हय? दात बघायचे असले तर तेबी बघ."

मी हसले नाही.

३

माझा संशय कस्तुराबाईंवर होता. आता लपवून काय करू. माणूस घरात नवीन आलं अन् वस्तू वाढली किंवा कमी झाली, तर नवीन माणसाकडं बघायचं, हे मला मिलनं शिकवलं. दोन पोटं गेलेली सून. जावई संगमेश चांगला आहे, पण आईच्या शब्दाबाहेर नाही. दुसरी सून आणायची तर आधीचीच्या नावावर काहीतरी दोष लागतोच. उरलेली वात नवसवालीची, ही आमच्या घरची रीत मीच त्यांना पहिल्या दिवशी सांगितली होती.

मी कोठीला कुलूप घातलं. किल्ली माझ्या कमरेला.

मग एक जुडीच काढून घेतली. पुरती शंभर वाती. मिलमध्ये नेऊन माझ्या लोखंडी पेटीत ठेवली, पेटीलाही कुलूप. म्हटलं आता घरी नऊशे नव्याण्णव जुड्या अन् वरच्या तीन, कोण किती भर घालतंय ते कळू दे. संध्याकाळी घरी येऊन एकटीनं मोजल्या. हजार भरल्या. वर तीन.

सकाळी मिलमधली पेटी उघडली. आत नुसता लाल दोरा होता. गाठ तशीच, मधे काही नाही.

आमच्या माडीवर सुगत सर भाड्यानं राहतात. क्लासमध्ये गणित शिकवतात, सकाळी अन् संध्याकाळी. दुपारी घरी असतात. मी वर गेले. देवाधर्माचं त्यांना सांगून उपयोग नाही, म्हणून फक्त आकडा सांगितला.

"सर, एक लाख तीन. किती बायांत सारखे वाटले जातील?"

ते पोळी खात होते. खाता खाता म्हणाले, "चौघीत तीन उरतील. पाचात तीन. तिघीत एक."

"ते मीबी केलं. सहात एक, सातात एक, नवात चार. पुढं सांगा."

त्यांनी मोबाईल घेतला, बोटं फिरवली, अन् हसले. "मावशी, कुठून काढला हा आकडा? लाखाच्या पुढची पहिली मूळ संख्या आहे ही. हिला कुणीच भागत नाही."

"कुणीच म्हंजे? कुठवर बघितलं तुमी?"

"तीनशे सोळापर्यंत बघितलं की पुरे."

"अन् चारशे बाया बोलावल्या तर?"

"मग एकीच्या वाट्याला तीनशे सोळाहून कमीच वाती येतील. समजा दोनशे पन्नास. चारशे बायांत अडीचशे वाती काय अन् अडीचशे बायांत चारशे वाती काय, वाटणी एकच. ती आपण आधीच बघितलेली असते."

चौथी शिकलेली असले तरी हे मला पटकन कळलं. बाया अन् वाती नुसत्या जागा बदलतात.

"म्हंजे ह्याची वाटणीच न्हाई?"

"दोन आहेत. एक तर लाख तीन बाया बोलवा, प्रत्येकीला एक." ते पुन्हा हसले. "जेवायला घालायचं झालं तर अख्खं उदगीर अन् वरून चाकूर लागेल. नाही तर एकीनंच सगळ्या घ्यायच्या."

मी जिना उतरता उतरता थांबले. "ह्याच्या पुढचा असा आकडा कंचा?"

"एक लाख एकोणीस."

४

सुट्टीच्या दिवशी मी सगळ्यांना सांगितलं, मोंढ्यात जाते. गेले नाही. परसातून वळसा घालून न्हाणीच्या आडोशाला उभी राहिले. तिथून कोठीची खिडकी दिसते. ऊन असं होतं की पत्रा कडकड वाजत होता.

अर्ध्या तासानं कस्तुराबाई आल्या. इकडं तिकडं बघितलं, खिडकीच्या गजातून हात घातला. सूप खिडकीखालीच असतं. हात बाहेर आला, पदराच्या टोकाला गाठ पडली.

मी मागून जाऊन मनगट धरलं. मिलमध्ये धरते तसंच, सुटणार नाही असं.

"किती टाकल्या, विहीणबाई?"

त्या ओरडल्या नाहीत. नुसत्या खाली बसल्या, उन्हात, मातीत.

"टाकत न्हाई ओ. काढून राहिले. पाच दिवस झाले."

मी गाठ सोडली. आखूड, ओलसर, उलट्या पिळाच्या तीन वाती.

"रोज तीन काढती. मागं नाल्यात नेऊन पुरती. तुमाला कळलं तर तुमी म्हणाल, सासूनं काही केलं."

"मीबी रोज काढते," मी म्हणाले. "सकाळी."

म्हणजे ह्या दुपारी काढत होत्या, मी सकाळी, अन् सूप कधी रिकामं नव्हतं.

मग त्या हळूच म्हणाल्या, "मागच्या खेपंला मीबी केल्या हुत्या लाखवाती. औशाला. सांगितलं न्हाई तुमाला. तवाबी तीन उरल्या. आमच्यात असं काही मानत न्हाईत. मी त्या शिवानीच्या उशाला दिव्यात लावल्या, म्हणलं उजेड पडंल."

"अन्?"

"आठ दिवसांत पोट गेलं."

मला त्यांना दोन थोबाडीत द्याव्या वाटल्या. हात उचललाही होता. पण तो मी त्यांच्या खांद्यावर ठेवला, कारण त्या माझ्या वयाच्या बाई होत्या अन् त्यांचं अंग थरथरत होतं, अन् बावीस वर्षांत मी खोटं बोलणारी बाई अशी थरथरताना बघितलेली नाही.

५

म्हणजे बाहेरचं कुणी नव्हतं. मी खिडकीला आतून फळी ठोकली. भिंती चाचपल्या, पत्रा बघितला, उंदराचं बीळ आहे का बघितलं. माणूस असो की उंदीर, वाट लागतेच. वाट नव्हती.

मंगळवारी मी मिलला खाडा केला. धोंडाबाई अन् शिल्पा मिलमध्ये, कस्तुराबाईंना मी देवळात पुजारी ईश्वरप्पांकडं पाठवलं, तूप किती लागेल विचारायला. घरात मी अन् शिवानी. ती मधल्या खोलीत चटईवर झोपली होती, डाव्या कुशीवर, कूलर लावून. मी कोठीच्या दाराला पाठ लावून बसले. सूप मीच रिकामं करून आत ठेवलं होतं, कुलूप मीच घातलं होतं.

बाराच्या सुमाराला लाईट गेली. कूलर गुरगुरत बंद पडला.

घर असं शांत झालं की माठातून पाणी झिरपलेलं ऐकू येईल. अन् मग मला तो आवाज आला. सर्र. थांबला. सर्र.

वात वळायचा आवाज. मांडीवर कापूस, वर तळहात. हा आवाज मी झोपेतही ओळखीन.

मी दाराला कान लावला. कोठीत काही नव्हतं. आवाज माझ्या मागून येत होता.

मी उठले. चप्पल नव्हती पायात, तरी टाचा उचलून गेले. पहिल्यांदा मी शिवानीचे हात बघितले. सांगायला लाज वाटते, पण संशय पहिला हातांवरच जातो. दोन्ही हात गालाखाली जोडलेले, लहानपणी झोपायची तसे. बोटंही हलत नव्हती.

सर्र.

तिचा गाऊन पोटावर ताणलेला होता. बेंबीच्या खाली, डाव्या अंगाला, दोन बारीक उंचवटे आले. पोर लाथ मारतं तसे नव्हते ते. दोन्ही शेजारी शेजारी होते, एक पुढं सरकायचा, एक मागं. चोळल्यासारखं. घाई नाही, चूक नाही. सरावलेली बाई कशी वळते, वात पुरी झाली की हात कसा क्षणभर उचलते, तसं ते थांबलं.

मग पुन्हा.

मी मोजत होते हे मला तिसऱ्याला कळलं. तिसऱ्यानंतर पोट सपाट झालं, अन् पोटातून नाही, माझ्या पाठीमागून, कुलपाच्या आड, सुपावर काहीतरी हलकं पडलं.

शिवानीनं डोळे उघडले. "आई, काय बगून राहिलीस?"

"तुझं पोट."

"लई हलतंय गं दुपारचं." ती झोपेतच हसली. "हात चोळल्यावानी."

मी कुलूप उघडलं. तीन होत्या. कोमट होत्या. मी त्या फेकल्या नाहीत, जाळल्या नाहीत. पहिल्यांदाच मी त्या जुड्यांच्या वर नीट ठेवल्या.

६

अधिकातला शेवटचा सोमवार. रिक्षात टोपल्या घातल्या अन् महादेवाच्या देवळात आलो. शिवानीला घरी ठेवलं, शिल्पाला तिच्याजवळ बसवलं. ईश्वरप्पांनी अंगणात मोठी परात मांडली होती. वाती तुपात भिजवल्या, डोंगर झाला.

"कितीजणींच्या नावानं?" ईश्वरप्पांनी विचारलं.

"एकीच्या," मी म्हणाले. "शिवकांता."

धोंडाबाईनं माझ्याकडं बघितलं. "अन् आमी अठरा दिस मांड्या सोलल्या त्या?"

"तुला जेवायला घालते."

कस्तुराबाईंनी माझा दंड धरला. मी धरलं होतं तिथला त्यांच्या मनगटावरचा वळ अजून निळा होता. "विहीणबाई, सगळ्या एकीनं घेऊ नयेत. काय होईल कुणाला ठाऊक."

"एकीनं घेतल्या तरच काही उरत न्हाई," मी म्हणाले. "हिशोब सरांना विचारा."

मी पाणी सोडलं. आवाज चढवून आकडा सांगितला, देवाला नीट ऐकू जाईल असा. एक लाख तीन, सगळ्या माझ्या. काडी लावली. जाळ माझ्या डोक्याच्या वर गेला. त्या धगीत माझ्या भुवया करपल्या, पण मी मागं सरकले नाही. परातीत राखेशिवाय काही राहीनासं होईस्तोवर उभी होते. ईश्वरप्पांना चिमट्यानं राख हलवायला लावली. एक वात उरली नव्हती.

घरी आले तेव्हा बारा वाजायचे होते. शिल्पा दारात डुलक्या देत होती, शिवानी चटईवर गाढ झोपलेली. तिचा चेहरा निवांत होता, ओठ जरा उघडे. मी बराच वेळ तिच्या पोटाकडं बघितलं. श्वासाशिवाय काही हलत नव्हतं. किती दिवसांनी मी पोटभर पाणी प्याले.

मग कोठी झाडायला गेले. टोपल्या धुवायच्या होत्या. जाताना सूप मी खिळ्याला अडकवलं होतं, पालथं, भिंतीकडं तोंड करून.

सूप खाली होतं. उताणं.

मी दारातच बसले. मोजायची गरज नव्हती, तरी मोजल्या. लाभ म्हणाले नाही, एकापासून सुरू केलं. सोळा निघाल्या. आखूड, ओलसर, उलट्या पिळाच्या.

लाख तीन अन् सोळा. चौथी शिकलेल्या बाईलाही एवढी बेरीज येते. मी सगळ्या घेतल्या होत्या, अन् आता त्या सगळ्या नव्हत्या.

मी वाती ओटीत भरल्या, कमरेला आवळून खोचल्या अन् जिना चढले. सुगत सर वह्या तपासत होते.

"सर, लाख एकोणीसच्या पुढचे आकडे लिहून द्या."

"ते कशाला? बरं, लाख त्रेचाळीस. मग लाख एकोणपन्नास. किती लिहू?"

"शिवानीला दोन महिने हायेत. म्हंजे रोजचा एक धरला तरी साठ. न्हाई, तसं नको. संपेपर्यंत लिहा."

त्यांनी पेन खाली ठेवलं. वर्गात मठ्ठ पोरीला समजावतात तशा मायेनं म्हणाले, "मावशी, ते संपत नाहीत. कितीही पुढं जा, आणखी एक असतोच. सिद्ध झालेलं आहे, हजारो वर्षांपूर्वी."

ओटीतल्या वाती माझ्या पोटाला कोमट लागत होत्या. मी कागद मागून घेतला, जेवढे लिहिले होते तेवढ्यांचा. खाली लाईट गेली अन् कूलर गुरगुरत बंद पडला.

"असू द्या," मी म्हणाले. "मीबी संपत न्हाई."

अन् जिना उतरायला लागले, मोजत.